सोमवार ते शुक्रवार, सात ते साडेनऊ

लग्न होऊन मी कबनूरहून कोल्हापुरात, मंगळवार पेठेत आले तेव्हा सासरच्या घरात रोज पाच मालिका चालायच्या. सातची, साडेसातची, आठची, साडेआठची आणि नऊची. सोमवार ते शुक्रवार. माणसं चारच: सासरे, सासूबाई, नवरा आणि मी. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, मीही तसंच म्हणायचे. टीव्ही बाहेरच्या खोलीत, रिमोट आत्यांच्या मांडीवर, आणि मी आत स्वयंपाकघरात.

जेवणाची वेळ आत्यांनी ठरवून टाकली होती. आठला ताटं टीव्हीपुढं गेली पाहिजेत आणि भाकरी एकेक करून तव्यावरनं गरम आली पाहिजे. त्यामुळं आठची मालिका मी कधी नीट बघितली नाही, ऐकली. त्यातल्या बाईला नवऱ्यानं टाकलं होतं आणि ती वकिलीचं शिकत होती. तिचा आवाज जरा बसका होता. भाकरी थापता थापता मी त्या आवाजाच्या मागं असायचे. एकदा आमटी वाढताना मी विचारलं, "आत्या, पास झाली का ओ ती?"

"तुला काय करायचंय?" त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "भाकरी करपतीया बघ."

खरंच करपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बायका त्या निकालावरच बोलत होत्या. ती नापास झाली होती, म्हणजे तिला नापास केलं होतं. मी घागर भरून घरी आले. ज्या घरात गल्लीतला सगळ्यात मोठा टीव्ही, त्या घरच्या सुनेला काही माहीत नव्हतं.

मग एका सोमवारी मी साडेसहालाच सगळ्या भाकरी करून टाकल्या. फडक्यात गुंडाळून बुट्टीत ठेवल्या, ताटं वाढली आणि आठ वाजता भिंतीला टेकून बसले. पहिली जाहिरात लागली तशा आत्या उठल्या. बुट्टीतली वरची भाकरी हातात घेतली, गालाला लावून बघितली.

"गार हाय," म्हणाल्या.

बुट्टी घेऊन त्या दारात गेल्या आणि सगळ्या भाकरी बाहेर गल्लीतल्या गायीपुढं टाकून आल्या. "आता परत थाप. माणसं बसल्यात ताटावर."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो साबणाची जाहिरात बघत होता. मी उठले आणि परातीत पीठ घेतलं. रडले नाही. उकळत्या पाण्यात पीठ मळताना हात भाजले, ते मात्र अजून आठवतं.

त्याच वर्षी माझे वडील आजारी पडले. कबनूरला त्यांचे चार यंत्रमाग होते, छातीत सुताची धूळ बसून बसून खोकला लागलेला. एका गुरुवारी भाकरी करताना बाहेर फोन वाजल्याचं मी ऐकलं. सव्वाआठ झाले असतील. आत्यांनी उचलला, "व्हय, व्हय, सांगतो," म्हणाल्या आणि ठेवला. कुणाचा फोन हे मी विचारलं नाही. विचारायची सवयच मोडली होती. साडेआठची मालिका झाली, नऊची झाली. सासरे समोरच बसले होते. नवरा त्या दिवशी कामावरून अजून यायचा होता.

साडेनऊला टीव्ही बंद करून आत्या आत आल्या. "तुझ्या भावाचा फोन आलता. वडलांचं जास्त हाय म्हणं."

"आधी का न्हाई सांगितलं?"

"सांगून काय उडत गेली असतीस व्हय? जेवणं व्हायची हुती सगळ्यांची."

नवरा आल्यावर मोटरसायकलवरनं गेलो. वडील नऊच्या सुमारास गेले होते. भाऊ म्हणाला, "तुझं नाव घेत हुते. म्हटलं, निघालीया, येतीया."

त्यानंतर अकरा वर्षं मी आठ वाजता गरम भाकरी वाढली. मालिका संपल्या, दुसऱ्या आल्या, आत्यांच्या मांडीवरचा रिमोट तोच राहिला. मग एका सकाळी त्या न्हाणीत पडल्या. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तोंडातनं नुसता "आं, आं" निघायचा. कळत मात्र सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, "मन रमवा त्यांचं. टीव्हीबिव्ही बघू दे."

मी त्यांची कॉट स्वयंपाकघरात लावली, भिंतीकडं तोंड करून.

"आईला भायेर ठेवूया की," नवरा म्हणाला.

"न्हाणी जवळ पडती इथनं," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

सातला पहिल्या मालिकेचं शीर्षकगीत लागलं की आत "आं, आं" सुरू व्हायचं. मी भाकरी आधीच करून ठेवलेली असायची. रिमोट घेऊन त्यांच्या जागेवर बसायचे. त्यांचं सगळं वेळेवर केलं, पाठीला एक जखम होऊ दिली नाही, पेज भरवली, न्हाऊ घातलं. फक्त टीव्ही दाखवला नाही. त्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरून दाराकडं बोट केलं की मी विचारायचे, "काय पायजे आत्या? पाणी?" आणि पाणी पाजायचे. कधी दोनदा पाजायचे. हुपरीला दिलेली नणंद आली की कॉट बाहेर यायची. तिची एसटी सुटायच्या आत परत आत.

असं वर्षभर चाललं. मग एका संध्याकाळी आठची मालिका लागल्यावर सासरे खुर्चीतनं उठले, मधल्या दारात स्टूल घेऊन बसले. तिथनं त्यांना पडदा दिसायचा आणि बायकोही. ते बोलायला लागले. उभ्या जन्मात या माणसाला मी सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं.

"निळी साडी नेसून आलीया ती. थोरली जाऊ जिन्यात हुबी हाय, ऐकतीया चोरून. आता चिठ्ठी फाडली बघ."

आतला आवाज थांबला.

मी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांनी आपला वाढवला. मी आणखी वाढवला. तेव्हा ते माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझ्या वडलांसाठी फोन आलता तवा मी इथंच हुतो. तवा काय बोललो न्हाई, म्हणून आत्ता तुला काय म्हणत न्हाई. पण हे मला करू दे."

मी आवाज कमी केला. कॉट मात्र हलवली नाही. ते दीड वर्षं रोज त्या दारात बसून सांगत राहिले, आत्या एका दुपारी झोपेतच गेल्या तोवर.

वर्षश्राद्धानंतर पेठेतल्या महिला मंडळानं माझा सत्कार केला. सासूची अशी सेवा आजकाल कोण करतं, असं अध्यक्षीणबाई माईकवरनं म्हणाल्या. साडी आणि नारळ दिला. मी घेतला. सासरे पहिल्या रांगेत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर त्यांनी साडीचा पोत बोटांनी चाचपून बघितला. "चांगली हाय," म्हणाले. "नेस."

पश्चात्ताप होतो असं लोक सांगतात. मी बरीच वर्षं वाट बघितली. वाईट वाटतं ते एवढंच, की मी अकरा वर्षं आत उभी होते, दारात बसून मला कुणी सांगितलं नाही, आणि ते स्टूल तेव्हाही त्याच घरात होतं.