तेलाच्या खड्ड्यावरचे चतुर

मोठा रस्ता चौपदरी होऊन पांढरकवड्याच्या बाहेरून गेला आणि गावातून जाणारे ट्रक बंद झाले. अब्बांचं गॅरेज गावात होतं. ट्रकच नाही तर मिस्त्री करणार काय? कित्येक महिने ते सकाळी शटर उघडून बसायचे आणि संध्याकाळी तसंच लावून यायचे. शेवटी नव्या रस्त्याच्या कडेला एक जागा मिळाली, ती दुसऱ्या कोणी घेतली नसती म्हणून. खोलगट, कायम ओली. पुढे टिनाचं गॅरेज आणि मागे टिनाचीच एक खोली. त्या खोलीत आम्ही चौघं. जमिनीतून पाणी वर यायचं म्हणून अम्मीनं विटा रचून चूल उंचावर मांडली होती. गाद्यांचा वास बाराही महिने जायचा नाही. धाकट्या बहिणीचा खोकला तर दोन वर्षं टिकला. माझी पुस्तकं ट्रकच्या बॅटरीच्या खोक्यात, उंच फळीवर असायची. तरी त्यांना बुरशी लागलीच.

दया यावी म्हणून हे सांगत नाही. आमच्या घरात माझ्याआधी आठवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, आणि मी त्या ओल्या खोलीतून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला पोचले होते. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे.

त्या वर्षी प्राणिशास्त्राच्या मॅडमनी प्रत्येकाला एक जीव निवडून दोन महिने रोज बघायला आणि लिहून काढायला सांगितलं. कोणी कोंबडी घेतली, कोणी पाल. मी आमच्या खोलीमागचा चतुर घेतला. तिथे घोट्याएवढ्या पाण्यात लव्हाळं आणि पाणकणीस माजलेलं होतं, आणि त्यावर एक बारका चतुर राहायचा. पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात त्याच जातकुळीतला, पण बोटाच्या दोन पेरांएवढाच. नराचे पंख मुळापासून निम्म्यापर्यंत काळे, मग पांढरा पट्टा, पुढे काचेसारखे आरपार. मादी पिवळसर, पटकन नजरेत न येणारी. उडणं अगदी कच्चं. गवताच्या उंचीएवढं वर जायचं आणि लगेच एखाद्या काडीवर बसायचं. आम्हाला ज्या ओलीनं छळलं तीच त्याला हवी होती. ती सोडून तो कुठे जात नव्हता.

पोळा झाल्यावर मी मोजायला लागले. दहाच्या सुमाराला ऊन दलदलीवर यायचं तेव्हा. पहिल्या आठवड्यात मोजताना गोंधळ उडायचा, इतके होते. तिसऱ्या आठवड्यात मोजणी सोपी झाली. मला आधी वाटलं, आपली नजर तयार झाली.

खरं तर चतुरच कमी झाले होते, आणि कारण गॅरेजच्या मागच्या खड्ड्यात होतं. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल अब्बा त्यात ओतायचे. दाराच्या चौकटीला उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून मुकुटबनकडचे शेतकरी ते डब्यात भरून न्यायचे. खड्डा काळा, गुळगुळीत, त्यात आभाळ दिसायचं. एका सकाळी एक मादी त्यावर आली, शेपटीचं टोक टेकवलं, उचललं, परत टेकवलं. पाण्यावर अंडी घालतात तसंच. तिसऱ्यांदा तिला उठता आलं नाही. मी वाकून पाहिलं तर कडेला कितीतरी चिकटलेले होते.

मी काडीनं एकेक काढू लागले. कापसानं पंख पुसायला गेले की पंखच फाटायचे. डबा घेऊन आलेला एक शेतकरी उभा राहून बघत होता. म्हणाला, "काहो मास्तरीणबाई, तेलात मासे धरून राह्यल्या का?" त्यातून काढलेला एकही जगला नाही.

अब्बांना सांगितलं तेव्हा ते ट्रकखाली होते. तिथूनच हसले. "पान्यात जल्मलेल्या जिवाले पानी ओळखू नाही येत? मंग तुले कॉलेजात कायले पाठवलं, हे शिकायले?" मी सांगितलं की तो पाणी ओळखतो ते चमकेवरून, आणि तेल पाण्याहून जास्त चमकतं. ते म्हणाले, मग तेल काय डोक्यावर घेऊन फिरू? त्यांचंही खरं होतं. तेव्हा टाकायला दुसरी जागा नव्हती.

तेव्हा मी माझी अक्कल लावली. नवं टायर ज्यात गुंडाळून आलं होतं ते काळं प्लास्टिक खड्ड्यावर ताणून चारी बाजूंनी विटा ठेवल्या. तीन दिवस एकही चतुर तेलात मेला नाही. मी वहीत ठळक अक्षरात लिहिलं, खड्डा झाकला.

चौथ्या दिवशी प्लास्टिकवर खसखशीसारखे पिवळे दाणे दिसले. पुष्कळ. मी हात लावला तर प्लास्टिक तव्यासारखं तापलेलं. समोरच एक मादी आली आणि त्यावर शेपटी टेकवायला लागली, एकदा, दोनदा, किती वेळा. तेलात निदान ती एकटी मरायची. इथे ती अंडी घालून धडधाकट उडून जायची, आणि अंडी उन्हात वाळायची. मी पाणी ओतून दाणे दलदलीत सोडले. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, वाळलेल्या अंड्यातून काही निघत नाही.

दुपारी अब्बा हात पुसत मागे आले. मी प्लास्टिकशी तशीच बसले होते. तेही उकिडवे बसले. पुन्हा एक मादी आली, त्यांनी ती नीट पाहिली. मग प्लास्टिकवर बोट फिरवून पाहिलं.

"हे आंधळं नाही," ते म्हणाले. "फसून राह्यलं बिचारं. चमकच मारायची ना? पोते टाक की त्यावर."

इतकं साधं होतं. गोणपाट चमकत नाही. मी दोन वर्षं जीवशास्त्राची पुस्तकं वाचून प्लास्टिक आणलं, आणि आठवी शिकलेल्या माणसानं पोतं सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी एका जुन्या ड्रमला झाकण वेल्ड केलं, खड्डा मुरूम टाकून बुजवला. शेतकरी ड्रममधूनच तेल न्यायला लागले.

पण गॅरेजसमोर ट्रक तर उभे राहणारच. एकदा हैदराबादकडे जाणारा एक ड्रायव्हर नवा रंग मारलेला ट्रक घेऊन आला, काच आणि बॉनेट नुकतं पुसलेलं. त्या बॉनेटवर माझी पिवळी मादी शेपटी टेकवत होती. ड्रायव्हर खुश. म्हणाला, माही गाडी धुवायले आली. त्यानं फडकं मारलं, अंडी गेली. मी अब्बांना म्हटलं, गाड्या पलीकडे लावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"बेटा," ते म्हणाले, "तेलाचा खड्डा माहाच होता, तो मी बुजवला. रस्ता कसा बुजवू?"

त्यानंतर मोजायला गेले की कान रस्त्याकडे असायचे. ट्रक थांबल्याचा आवाज आला की वाटायचं, बघायला नको. बघून करणार काय होते?

दोन महिने पुरे झाले तेव्हा मी वहीत जे घडलं तेच लिहिलं, माझ्या प्लास्टिकसकट. मॅडम म्हणाल्या, चूक कायले लिहिली? मी म्हटलं, घडली म्हणून.

मी बी.एस्सी. पास झाले, आमच्या घरातली पहिली. खड्डा बुजलेला आहे. दलदलीवर चतुर पूर्वीच्या मानाने फार थोडे उरले, पण मागच्या भादव्यात मी स्वतः जाऊन पाहिले, आहेत.