एक गाय, दोन नोंदी

अर्जदार: मी स्वतः, धंदा अर्जनवीस, बैठक नांदेडच्या कचेरीबाहेर. गैरअर्जदार: माझी सख्खी भाची, लातुरात संगणकाचे शिक्षण घेणारी. साक्षीदार पहिली: माझी धाकटी बहीण, म्हणजे गैरअर्जदाराची आई, राहणार देवणीजवळचे एक खेडे. साक्षीदार दुसरी: तिची गाय. दिनांक: गेल्या हिवाळ्यातील पशुप्रदर्शनाचा दिवस व त्याआधीची संध्याकाळ. प्रकरण घरातले असल्याने नावे वगळली आहेत, गाईचेही.

माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत व त्यापुढील कचेरीच्या ओट्यावर झाले. माझ्या अर्जात खाडाखोड सापडत नाही. चूक झालीच तर मूळ कागद जसाच्या तसा ठेवून मी पुरवणी अर्ज जोडतो. या शिस्तीमुळेच साहेब लोक माझा अर्ज लांबून ओळखतात.

बहिणीने ती गाय वासरापासून वाढवली. घरची जमीन, बैल, ट्रॅक्टर, सर्व काही मेहुण्यांच्या नावावर. प्रदर्शनात मात्र गाय प्रथमच तिच्या नावाने उतरणार होती. गाय रिंगणात फिरावी आणि भोंग्यावर आपले नाव पुकारले जावे, एवढी तिची इच्छा. पुकारायची यादी भाचीने तयार केलेल्या प्रोग्रॅममधून निघणार होती.

आदल्या संध्याकाळी भाची ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली. तिने आईची गाय नोंदवली, मग शेजारणीची नोंदवली आणि यादी काढली, तर यादीत एकटी शेजारीण.

"आपली गाय कुठे गेली?" मी विचारले.

"पुसली गेली, मामा. फाईल उघडतानाच चुकलं माझं. उघडताना एक अक्षर सांगावं लागतं. 'डब्ल्यू' सांगितलं की जुनं सगळं साफ करून कोरी फाईल हातात येते. 'ए' सांगितलं की जुन्याला धक्का न लावता शेवटी जोडलं जातं. आणि सोबत 'बी', कारण ही बायनरी फाईल आहे."

मी फाईल पाहण्यास मागितली. आत नुसते चौकोन आणि चित्रविचित्र खुणा.

"हे माणसांनी वाचायचं नसतं, मामा. एकेका गाईला सारख्या मापाची जागा, एकीमागे एक."

"म्हंजे दावणच की," बहीण चुलीजवळून म्हणाली.

भाचीने अक्षर बदलले, दोन्ही गाई पुन्हा नोंदवल्या आणि दोन्ही यादीत आल्या. शेवटी जोडण्याची ही पद्धत मला मनापासून आवडली. इतक्यात बहीण पडद्यात डोकावली.

"अगं, वानेरा काय लिवलीस? आपली गाय शेवरा हाय. अंगावरचे ठिपके दिसंनात व्हय तुला?"

देवणी गाईंत तोंडाच्या बाजू काळ्या असलेली ती वानेरा, अंगावर काळे ठिपके असलेली ती शेवरा, आणि स्पर्धा गटागटाने वेगळी.

"थांब आई, त्याच जागेवर जाऊन बदलते."

येथे मी हरकत घेतली. जाहीर स्पर्धेच्या यादीत जुन्यावर नवे लिहिणे मला मान्य होईना. "मूळ नोंद राहू दे. शेवटी पुरवणी नोंद जोड."

"मग दोन होतील, मामा."

"होऊ देत. वाचणाऱ्याला अक्कल असते."

"वाचणारा भोंगेवाला आहे!"

"ऐक बाई वकीलसाहेबांचं," बहीण म्हणाली, "न्हाईतर जेवायच्या आधी अर्ज लिवायला बसतील."

भाचीने पुरवणी जोडली.

दुसऱ्या दिवशी वानेरा गटात बहिणीचे नाव पुकारले गेले. नाव ऐकताच ती पुरवणी विसरली आणि गाय घेऊन रिंगणात शिरली. जनावरांचे डॉक्टर परीक्षक होते; त्यांनी गाईचे ठिपके पाहून तिला परत पाठवले. थोड्या वेळाने शेवरा गटात पुन्हा तेच नाव.

"परत तुम्हीच? एक गाय दोन गटांत लावली तर दोन्हीकडून बाद होते, ताई."

बहिणीचा चेहरा उतरला. मी पुढे झालो. "महोदय, मूळ नोंद व पुरवणी नोंद यांतील फरक विचारात घेता..."

"काका, तुमची गाय कोणती?"

लोक हसले. बहिणीने मात्र दावे सोडले नाही. "डॉक्टरसाहेब, माझं नाव दोनदा घेतलं म्हणून गाई दोन झाल्या का? ठिपके बघा अन् काय ते ठरवा."

तेवढ्यात भाची लॅपटॉप घेऊन धावत आली. दोन्ही नोंदींत कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक एकच होता, आणि शेवटी जोडलेली नोंद ही दुरुस्ती होती. डॉक्टरांनी गाईचा कान धरून बिल्ला ताडून पाहिला आणि तिला रिंगणात घेतले. गाय दुसरी आली.

परतताना भाची म्हणाली, "मामा, परत तुमचं ऐकायची नाही मी."

बहीण मात्र खुशीत होती. "का गं? दादामुळं माझं नाव दोनदा घेतलं भोंग्यावर. शेजारणीचं एकदाच!"

सबब गैरअर्जदारास विनंती की, प्रोग्रॅममध्ये पुरवणी नोंदीला मूळ नोंदीचा संदर्भ देण्याची जागा ठेवावी, म्हणजे भोंगेवाल्याचीही सोय होईल. तसेच साक्षीदार गाईला नुकतीच कालवड झाली असून तिच्याही पाठीवर ठिपके आहेत. तिची नोंद शेवटी जोडावी, आईच्या जागेवर बसवू नये, व मालक म्हणून बहिणीचेच नाव लावावे. याबाबतचा खुलासा दिवाळीला येताना लेखी आणावा. तोंडी खुलासा मामा म्हणून ऐकून घेईन, अर्जदार म्हणून नाही.