दुसऱ्या फलाटाची लिफ्ट

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी एकच केस हाताळली. ती मला आजही लख्ख आठवते, कारण त्यातली संशयित मी होते.

शारजातल्या रोल्ला भागात दादाच्या फ्लॅटमध्ये आम्ही सगळे राहायचो. खबर दिली दादाच्या मुलीने. "आजोबा, आत्या रोज ट्रेन्स बघते. बट नोबडी कम्स!"

खरं होतं. ऑफिसमधून आल्यावर मी लॅपटॉपवर जर्मनीतल्या एका छोट्या गावाचं स्टेशन बघत बसायचे. तिथला कॅमेरा फलाट थेट दाखवायचा. आमच्याकडे सूर्यास्ताची, मगरिबची अजान व्हायची, तेव्हा तिकडे दुपार असायची. बर्फ आवाज न करता पडायचा. लाल गाडी यायची, कोणीच उतरायचं नाही, गाडी निघून जायची. एसी घरघरत असायचा आणि मला पायाखाली थंडगार दगड जाणवायचा.

बाबांनी आवाज चढवला नाही. दोन कप चहा घेऊन शेजारी बसले.

"तिकडे जायचं ठरलंय?"

"नाही हो बाबा. जस्ट बघते."

"बरं. इमारत जुनी दिसते."

"खूप जुनी. युद्धात अर्धी पडली, मग परत बांधली. उजवीकडच्या विटा वेगळ्या आहेत, बघा."

"तिकीट कुठे मिळतं?"

"खिडकी बंद झाली, आता मशीन आहे. जुन्या वेटिंग रूममध्ये बेकरी आहे. लोक तिथेच उबेला बसतात."

"आणि संडास?"

"बेकरीच्या मागे. नाणं टाकावं लागतं."

बाबांनी कप खाली ठेवला. "नुसतं बघणारा गाड्यांबद्दल बोलतो. संडास कुठे आहे, हे जाणाऱ्यालाच माहीत असतं. नोकरी?"

मी मान डोलावली. तिथल्या नोकरीला होकार कळवून झाला होता. आईला सांगायचं धाडस होत नव्हतं. दादाच्या संसारात मी एकटी पडते म्हणून ती पुण्याचं घर बंद करून आली होती.

"फलाट बदलायला जिना आहे?"

"आहे. पण लिफ्टपण आहे."

"मग आईला आधी लिफ्टचं सांग. तिचे गुडघे बाकीचं ऐकून घेतील."

मी तसंच सांगितलं. आई पोळी लाटायची थांबली. मग म्हणाली, "चालू असते का गं ती?"

मनात काय आहे असं विचारलं की मी मिटून जाते. बाबांनी सोयी विचारल्या. माणसाला बोलतं करायची ही रीत मी त्या दिवशी शिकले.

आता मी त्याच फलाटावर उतरते. कॅमेरा कुठल्या खांबावर आहे, ते मला माहीत आहे. दुपारी तिथे उभी राहून हात हलवते. तिकडे लॅपटॉपवर मला बघून फोनवर आधी भाचीच ओरडते, "आजोबा, यल्ला, लवकर या! समबडी केम!"