रिकाम्या खुंटीची बंदूक

वेंडेलिनमामाने उभ्या आयुष्यात एकच रस्ता धरला: रोपवेचा डबा खोऱ्यातून वरच्या कुरणापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. दुधाचे कॅन, वासरं, शिक्षिका, एकदा तर पांढऱ्या झग्यातली नवरी. उरलेला जीव त्याने जुन्या लष्करी बंदुकांत गुंतवला होता.

आमच्याकडे बंदुकीचं कुणाला नवल नाही. सैन्यातली नोकरी संपवून आलेला प्रत्येक जण आपली रायफल घरी आणतो आणि ती स्कीच्या शेजारी कपाटात उभी राहते. नवल होतं ते मामाच्या आवडीचं. त्याला फक्त बदललेल्या बंदुका लागत. मुळात नळीच्या तोंडातून दारू ठासायची, पुढे सरकारने नळीच्या मागे बिजागरीचं झाकण बसवून काडतुसाची केलेली, त्यानंतर कुणा शिकाऱ्याने डोंगरबकऱ्यांसाठी आखूड कापलेली. जितक्यांदा बदललेली, तितकी त्याला प्यारी.

"ठिगळं लावलेल्या पाटलोणी जमवतोस तू," घड्याळदुरुस्तीवाला बाल्ट्स त्याला खानावळीत पत्ते पिसता पिसता म्हणायचा. बाल्ट्सही बंदुका जमवायचा, पण अस्सल. बदललेली हाती लागली, तर झाकण उतरवून तिला पुन्हा ठासणीची करायचा.

"ठिगळ कोण लावतं?" मामा पानं उचलत विचारायचा. "ज्याला पाटलोण अजून घालायची असते तो. तू झाकण काढतोस म्हणजे तिचं अर्धं आयुष्य पुसून टाकतोस. शेवटचा बदल काढायचा नाही. माझ्या भिंतीवर हा नियम आहे."

"तुझी भिंत आणि तुझा नियम! चल, पान टाक."

त्या भिंतीवर एक खुंटी मात्र कायम रिकामी होती. आमच्या खोऱ्याच्या तुकडीची, दस्त्यावर बैलाचं मुंडकं कोरलेली झाकणवाली बंदूक मामाला कुठेच मिळाली नव्हती. त्याच्या पणजोबांच्या खांद्यावर तसलीच होती म्हणे. रेगुलामामी त्या खुंटीवर मुद्दाम आपला एप्रन अडकवायची. मामा दर वेळी तो काढून ठेवायचा.

शरद ऋतूतल्या एका रविवारी खानावळीची मालकीण एमेरिता माळा रिकामा करत होती. डोंगरावरून गरम वारा सुटला होता आणि पलीकडची शिखरं हात लावावा इतकी जवळ आली होती. अंगणात तुटक्या खुर्च्या, चीजची भांडी आणि झालरीच्या हिरव्या टोपीचा एक उंच दिवा मांडला होता. मामा त्या दिव्यापाशी थबकला. दिव्याची दांडी म्हणजे बंदूक होती. त्याने बाहीने दस्ता पुसला. धुळीतून बैल वर आला.

"माझ्या नवऱ्याने केला होता," एमेरिता म्हणाली. "लग्नाची पहिली भेट. मला अंगठी हवी होती. घेऊन जा बाई एकदाचा. जन्मभर त्याची धूळ पुसून कंटाळा आलाय."

बाल्ट्स शेजारीच उभा होता. तो मिशीतल्या मिशीत हसला. "चल वेंडेल! टोपी काढ, वायर ओढ, झाली तुझी बंदूक. की नियम आडवा येतोय?"

अंगणातले सगळे हसले. मामाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

घरी त्याने दिवा टेबलावर आडवा ठेवला आणि पेचकस काढला. मी मामीबरोबर सफरचंदं सोलत होते. एक स्क्रू सैल केला की टोपी हातात येणार होती. नळीतून वायर खेचली की खुंटी भरणार होती. मामाने पेचकस लावला, काढला, पुन्हा लावला. खुंटीकडे बघितलं.

"ही ठिगळाची पाटलोण नव्हे वाटतं?" मामी सुरीवरून नजर न उचलता म्हणाली.

"तू गप्प बस, रेगुला."

"मी गप्पच आहे. बंदूकच बोलतेय."

मामाने अर्धवट सैल झालेला स्क्रू पुन्हा घट्ट आवळला, दिवा उचलून त्या खुंटीखाली उभा केला आणि लांब वायरची वेटोळी खुंटीवर अडकवली. बटण दाबलं. हिरवट उजेडात सगळ्या ठिगळवाल्या बंदुका भिंतीवर एकदम कोवळ्या दिसल्या.

"बल्ब मिणमिणता आहे," मामी म्हणाली. पण ती विणकाम घेऊन तिथेच बसली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्या खोलीत बसली होती.

पुढच्या शनिवारी बाल्ट्स आला. खुंटी नक्की कशी भरली ते बघायलाच आला होता. त्याने दिव्याला एक फेरी मारली, वायर बघितली, खाकरला. मी वाट बघत होते, पण टोमणा आलाच नाही. मामीने काचेच्या पेल्यात कॉफी ओतून वर चेरीची दारू घातली. अर्धा पेला संपल्यावर बाल्ट्सने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत गंजलेलं झाकण होतं, त्यानेच कधीतरी एका बंदुकीवरून उतरवलेलं.

"फेकवलं नाही," तो पेल्याकडे बघत म्हणाला. "परत बसवावं म्हणतो, पण बिजागरी कुठे बसते, विसरलोय. जरा उजेडात धर."

मामाने आपली खुर्ची सरकवून त्याला दिव्याजवळ जागा करून दिली.