विहाराचा घुमट

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पुण्यात गणितात एम.एस्सी. करत होते. माझ्याहून मोठ्या भावाचं पिंपळवंडीच्या फाट्यावर फॅब्रिकेशनचं दुकान होतं. आम्ही दोघंही गणितात सारखेच होतो. त्याला दहावीनंतर आयटीआयला घातलं आणि मला पुढे शिकवलं. असं का, हे घरात कुणी कधी विचारलं नाही. त्यानेही नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारावर पत्र्याचा घुमट बसवायचं ठरलं आणि काम दादाकडे आलं. खिडक्या, ग्रिल, शटर तो डोळे मिटून करायचा, पण घुमट पहिलाच. त्याने पत्र्याचे उंच त्रिकोण कापले, वाकवले आणि एकत्र उभे केले. वर टोकं जुळली, खाली बुडंही जुळली. मधे मात्र प्रत्येक दोन पत्र्यांत हात जाईल एवढी फट राहिली.

मी सुट्टीला घरी आले तेव्हा ते त्रिकोण दुकानामागे टेकवून ठेवलेले होते. जेवताना तो म्हणाला, "तुमच्या कॉलेजात असलं काय शिकवत्यात का?"

"कडा सरळ ठेवल्यास ना? त्या बाहेर फुगलेल्या पाहिजेत."

"त्ये मलाबी दिसतंय. पण किती?"

प्रत्येक उंचीवर घुमटाचा घेर किती होतो ते काढायचं आणि पाकळ्यांच्या, म्हणजे त्या त्रिकोणांच्या, संख्येने भागायचं, इतकंच होतं. शाळेतलं त्रिकोणमितीचं पुस्तक पुरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या वर्तमानपत्रातून पाकळ्या कापल्या आणि खळीने चिकटवल्या. कागदी घुमट उभा राहिला तेव्हा दादा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला आणि लगेच पत्रा कापायला बसला.

पत्र्याच्या पाकळ्याही जुळल्या. पण त्यांचा घुमट गोल दिसेना, उघडलेल्या छत्रीसारखा दिसे. विहाराच्या कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ बघायला आले. ते म्हणाले, "काम चांगलं झालंय, पण आपल्याला गोल पायजे व्हता."

ते गेल्यावर मी दादाला सांगितलं की सपाट पत्रा नुसता वाकवून चेंडूसारखा गोल होत नाही, तसं सिद्ध केलेलं आहे. वर्गात हे प्रमेय मी पानभर चिन्हांत लिहिलं होतं. त्याला चपातीचं उदाहरण दिलं. पालथ्या वाटीवर चपाती टाकली की कडेला चुण्या पडतातच.

"म्हंजी होनारच न्हाई?"

"न ताणता होणार नाही."

"मग ताणायचा," तो म्हणाला.

वाळूने भरलेल्या पोत्यावर एकेक पाकळी ठेवून तो लाकडी हातोड्याने ठोकू लागला. मधला भाग पसरत गेला आणि पाकळीला पोट आलं. चार दिवस दुकानात बोललेलं ऐकू येत नव्हतं. ठोकल्यामुळे कडा थोड्या सरकल्या. जुळवताना बोटभर अंतर पडलं, तेव्हा मी पुन्हा आकडे तपासायला घेतले.

"तुझं बरोबर हाय," तो म्हणाला. "ह्ये ठोकल्यामुळं झालंय. वेल्डिंगमधी जाईल."

तसंच झालं. घुमट चढवताना मी पुण्यात होते, परीक्षा चालू होती. रंग दिल्यावर तो मला दिवाळीत दिसला.

पुढे मला घोडेगावला कॉलेजात नोकरी लागली आणि मी शिनोलीला राहू लागले. दादाकडे घुमटांची कामं येऊ लागली, देवळांची, विहारांची, ओझरच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाच्या प्रवेशद्वाराचं. दर वेळी त्याचा फोन यायचा. तो व्यास सांगायचा, मी मापं काढून द्यायचे, मग घरच्यांची चौकशी व्हायची. संशोधनाचं माझं काम तोवर मागे पडलं होतं. वर्गात मी ते प्रमेय शिकवायचे, तेव्हा पाकळ्यांबद्दलही सांगायचे. मुलं ऐकायची आणि परीक्षेत फक्त सिद्धता लिहायची.

नंतर त्याने दुकानात कॉम्प्युटर घेतला. व्यास टाकला की पाकळीचं चित्र छापून यायचं. ते दाखवायला त्याने मला मुद्दाम बोलावलं. मी एक माप हाताने काढून पाहिलं, ते जुळलं.

"आता तुला तरास न्हाई," तो म्हणाला.

त्याचे फोन कमी झाले. मी दोनतीनदा आपणहून केला, पण विषय निघेना. "बाकी काय?" तो विचारायचा, मी "काही नाही" म्हणायचे. मग पाऊस कुठवर आलाय, यावर आम्ही थोडं बोलायचो.