गुडघाभर पाण्यातली पीकपाहणी

तारापूरजवळची आमची नारळाची वाडी समुद्राने एकदम नेली नाही. दर पावसाळ्यात थोडी थोडी नेली, अगदी सभ्यपणे. आधी कडेची सुरूची झाडं गेली, मग विहीर खारी झाली, मग माड एकेक करून आडवे झाले. जगाचं तापमान वाढतंय म्हणून समुद्र चढतोय, असं पालघरच्या एका सभागृहात साहेबांनी आम्हाला समजावलं. तिथला एसी इतका गार होता, की त्यांच्यावर विश्वास बसायला मला बाहेर यावं लागलं.

सरकारी कागदावर वाडी अजून जागच्या जागी आहे. त्यामुळे यंदा मोबाइलवर पीकपाहणी करणं आलं. म्हणजे आपल्या शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं. मी आणि बाबा वाळूवर जाऊन उभे राहिलो. तुम्ही शेतापासून लांब आहात, असं मोबाइलने कळवलं. आम्ही पुढे सरकलो, तरी लांबच होतो. गुडघाभर पाण्यात शिरल्यावर एकदाचं शेत सापडलं. मी लाटेचा छानसा फोटो काढला.

मग पीक विचारलं. नारळ लिहिणं खोटं झालं असतं आणि मासळी यादीत नव्हती. उरले दोन पर्याय. 'कायम पड', म्हणजे जमीन कधीच पिकत नाही, आणि 'चालू पड', म्हणजे फक्त यंदा लागवड नाही. मी 'कायम'वर बोट नेलं.

"चालू लिव," लेंगा वर धरून बाबा म्हणाले. "कायम कशाला? यंदाच लावली नाय."