जरा अ‍ॅडजस्ट करा

‘अ‍ॅडजस्ट’ या शब्दाचा मला मनापासून राग आहे. इंग्रजीत म्हणे आरसा अ‍ॅडजस्ट करतात, खुर्ची करतात, घड्याळ करतात. आमच्याकडे फक्त बाया अ‍ॅडजस्ट होतात. माझ्या नवऱ्याला हा शब्द कुणी ऐकवलेला मी तरी पाहिला नाही.

लातुरात ज्याचं घर आहे त्याच्याकडे गावाकडचं एखादं लेकरू अकरावी-बारावीच्या क्लासला येऊन राहणारच, ही आमच्याकडची रीत. उदगीरहून दीर थोरल्या पोराला घेऊन आले तेव्हा माझी मुलगी नववीत होती. “दोन सालाचंच हाय वहिनी, जरा अ‍ॅडजस्ट करून घ्या,” म्हणाले. पोराला निवांत जागा लागते म्हणून घरातली आतली खोली त्याला दिली. माझ्या मुलीने दहावीचा अभ्यास स्वयंपाकघरात केला, मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकत. तो डॉक्टरकीला लागला. दीर पेढे घेऊन आले आणि म्हणाले, “पोरानं लई मेहनत केली.”

तो गेला आणि खोली मुलीला मिळाली. तिलाही डॉक्टरच व्हायचंय. तिची अकरावी सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच दीर पुन्हा दारात. या वेळी धाकटा, बॅग आणि गादीसकट. विचारायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, दुसरं काय!

“वहिनी, आता याचं तेवढं अ‍ॅडजस्ट करा.”

नवरा पेपरात तोंड खुपसून बसला. मी आत वळून पाहिलं, तर मुलगी न सांगता टेबलावरची पुस्तकं गोळा करत होती. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. ते पाहून माझ्या अंगाची आग झाली. मी एवढी वर्षं गप्प बसून तिला हेच शिकवलं होतं.

“भाऊजी, इथं न्हाई जमणार. हॉस्टेल बघा.”

“अगं, कशाला उगं वाढवायलीस?” नवरा आता बोलला.

“खोली तिची हाय,” मी म्हणाले.

दीर पाणीही न पिता पोराला घेऊन निघून गेले. मुलगी मात्र पुस्तकं छातीशी धरून तशीच उभी होती. तिने हळूच विचारलं, “आई, मग परत ठेवू?”